तांबडीचं पाणी

साळवे ड्रायव्हर इंजिनात पाणी भरायच्या आधी ते स्वतः चाखून बघत. नळाखाली ओंजळ धरायची, एक घोट तोंडात घ्यायचा, गालातल्या गालात खेळवायचा, डोळे मिटायचे आणि मग बाजूला थुंकून निकाल सांगायचा. "आज ब्येस हाय," किंवा "जड लागतंय, हिला मानवायचं न्हाई." निकाल चांगला लागला तरच नळाचा पाइप इंजिनाच्या टाकीत जायचा. नाहीतर मुकादम कितीही ओरडो, साळवे विहिरीपर्यंत चालत जाऊन कुणी गाळ ढवळला का ते बघून यायचे. मी नवीन होते तेव्हा मला हे निव्वळ सोंग वाटलं. मी ह्यांना म्हटलंही, "तुमच्या खाणीवर माणसांपेक्षा इंजिनाचा पाहुणचार जास्त दिसतोय." हे नुसते हसले. "तुझी अजून साळव्यांशी गाठ पडायची आहे," म्हणाले.

गाठ पडायला वेळ लागला नाही, कारण तो नळ माझ्या शाळेच्या भिंतीला लागूनच होता. नगर जिल्ह्यात तेव्हा एका धरणाचं काम चालू होतं आणि त्याला लागणारा काळा दगड आमच्या टेकडीतून निघत असे. टेकडीच्या पायथ्याशी पत्र्याची वसाहत, वसाहतीत माझी चार इयत्तांची एक खोली, आणि खोलीमागून खाणीचे अरुंद रूळ. ते रूळ खाणीतून निघून उताराने थेट नदीपर्यंत, धरणाच्या पायथ्याला जात. आमचे हे खाणीच्या स्टोअरमध्ये होते. सासूबाई आमच्याकडेच असत. कडक सोवळ्यातल्या, आणि जिभेला दोन्ही बाजूंनी धार.

त्या रुळांवरून दगडाच्या ट्रॉल्या ओढणारं इंजिन म्हणजे तांबडी. बुटकं, रुंद, पाठीवर खोगीर टाकावं तशी पाण्याची टाकी. रंग होता काळा, पण सगळी वसाहत तिला तांबडी म्हणायची, आणि त्याला कारण होतं. आमच्याकडे येण्याआधी तिने कुठल्याशा लोखंडाच्या खाणीत जन्म काढला होता. तिथला लाल दगड ओढून ओढून ती लाल धूळ तिच्या सांध्यासांध्यांत अशी जाऊन बसली होती की, इतकी वर्षं धुऊनही निघत नव्हती. साळवे दर रविवारी तिला आंघोळ घालत आणि दर रविवारी तिच्या चाकांमागून गेरूसारखं पाणी वाहत येई. मी एकदा म्हटलं, "अहो साळवे, किती घासाल? संपत कशी नाही ही माती?"

"संपल कशी बाई? म्हायेरची माती हाय ती," साळवे म्हणाले. "बाईमानसाच्या अंगातनं म्हायेर कधी निघतंय व्हय?"

माझं माहेर पैठणचं, आणि लग्नाला बरीच वर्षं होऊनही मी प्रत्येक पदार्थाला 'आमच्याकडे असं नाही करत' म्हणत असे. सासूबाईंनी साळव्यांचं ते वाक्य ऐकलं आणि पुढे महिनाभर मला ऐकवलं.

तांबडीबरोबर त्याच लोखंडाच्या खाणीतून एक वाफेवर चालणारा प्रचंड फावडाही आला होता. तो आल्या वर्षीच मोडला आणि खाणीच्या कडेला गंजत पडला. त्याच्या उचललेल्या तोंडात कबुतरं राहत. साळवे त्याच्याजवळून जाताना न चुकता शिट्टीची बारीकशी फुंकर मारत. विचारलं तर म्हणत, "एकाच गावची हायेत दोगं. वळख ठिवाय नको?"

साळव्यांचं नाव धोंडीराम. दगडाच्या खाणीवर धोंडीराम नसेल तर कुठे असणार, अशी थट्टा सगळे करत, आणि ते स्वतःही करत. वय पन्नाशीच्या आसपास, अंगाने काटक, मिशी बारीक कापलेली. कामावर येताना अंगात पांढराशुभ्र सदरा. कोळशाच्या कामाला पांढरा सदरा घालणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. संध्याकाळी तो सदरा ओळखू येत नसे आणि सकाळी पुन्हा शुभ्र. त्यांच्या बायकोला, सखूबाईंना, मी एकदा विचारलं, की तुम्ही काही बोलत कशा नाही? त्या म्हणाल्या, "बोलून काय करू? म्हनत्यात, बापजाद्यांनी लोकांचं उतरलेलं घातलं, मी धुतलेलं घालीन."

शाळेजवळून जाताना ते शिट्टी वाजवत नसत. मुलांचं लक्ष उडतं म्हणून. त्याऐवजी पान्याने पत्र्यावर दोनदा हलकंच ठोकत. त्याचा परिणाम असा झाला की मुलं शिट्टीला दचकत नसत, पण त्या ठक-ठककडे सकाळपासून कान लावून बसत. मी हे साळव्यांना कधी सांगितलं नाही. बिचाऱ्यांना वाईट वाटलं असतं.

छप्पन साली साळवे नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले होते. त्या प्रवासाची गोष्ट ते रंगवून सांगत. बरोबरचे लोक गाडीत गाणी म्हणत होते, घोषणा देत होते, आणि हे प्रत्येक स्टेशनवर उतरून पुढे पळत, मोठ्या इंजिनाच्या ड्रायव्हरशी गप्पा मारत आणि सुटणारी गाडी धावत पकडत. "येका टेशनात गाडी सुटली आन् मी फुडंच," ते सांगत. "ड्रायव्हर म्हनला, चढ वर. तसा बसलो इंजनात. दीक्षेला जाताना मानसं डब्यातनं गेली, मी इंजनातनं गेलो."

दीक्षेमुळे खंडेनवमीला मात्र मोठी पंचाईत होई. खाणीवर त्या दिवशी सगळ्या यंत्रांची पूजा. दगड फोडणाऱ्या क्रशरला हार, ड्रिलच्या कंप्रेसरला हार, साहेबांच्या जीपला हार. साळवे बाजूला उभे राहत. पूजा करत नसत आणि अडवतही नसत. त्यांचं म्हणणं एकच, "करा तुमाला करायची ती पूजा. पर नारळाचं पानी चाकावर टाकू नका, गंजतंय. त्यापरीस येक बाटली त्याल जादा द्या." हे ऐकून आमचे हे, स्टोअरकीपर, घाईघाईने नारळ फोडायला पुढे होत, कारण नारळ स्टोअरमधून द्यावा लागत नसे.

इंजिनावर भट्टीत कोळसा टाकायला बबन म्हणून एक जण होता. चांगला तिशीतला, दोन मुलांचा बाप, आणि महा देवभोळा. एका खंडेनवमीला त्याने तांबडीची यथासांग पूजा केली. भट्टीच्या तोंडाला कुंकू, दांड्यांना कुंकू, आणि ड्रायव्हरच्या समोर जी उभी काचेची नळी असते, जिच्यात बॉयलरमधलं पाणी किती आहे ते दिसतं, तिला त्याने वरपासून खालपर्यंत हळदीचे जाड पट्टे ओढले. इंजिनाचा जीव तिथे असतो असं त्याने साळव्यांकडूनच ऐकलं होतं, मग पूजा तिथेच नको का? दुसऱ्या दिवशी ती हळद उष्णतेने काचेवर वाळून घट्ट बसली. अर्ध्या वाटेत साळव्यांनी काचेकडे पाहिलं, तर नुसतं पिवळंधमक. पाणी आहे की संपलं, काही कळेना. त्यांनी गाडी थांबवली, भट्टीतला सगळा विस्तव ओढून रुळांवर टाकला आणि मग सदऱ्याची बाही थुंकीने भिजवून काच पुसायला घेतली. पाणी अगदी तळाला गेलं होतं. आणखी थोडं गेलं असतं तर बॉयलर फुटला असता.

बबनला वाटलं, आता आपली नोकरी गेली. साहेब विचारायला आले तेव्हा साळवे म्हणाले, "काच खराब झाल्ती सायब, साफ केली." एवढंच. मग बबनला बाजूला घेऊन म्हणाले, "बबन्या, देवाला हळद लाव, बायकूला लाव, मला लाव. पर ह्या काचंला लावू नगंस. हितं पानी दिसलं पायजे. पानी दिसलं का सगळं दिसलं."

पाण्याच्या बाबतीत ते असे का होते, हे मला सखूबाईंकडून कळलं. त्यांचं गाव गोदावरीच्या काठचं, पुणतांब्याच्या बाजूचं. गावाला नदी भरून वाहती, शिवाय गोड पाण्याची विहीर. पण साळव्यांची आई त्या विहिरीपासून लांब घागर घेऊन बसे आणि कुणी येऊन वरून ओतेल तर पाणी. कधी कुणी ओते, कधी नाही. ओतलं तरी ते कसलं असेल याचा नेम नसे. म्हणून आई आधी घोटभर स्वतः चाखायची आणि मग पोरांना द्यायची. "तीच सवय उचललीया त्यांनी," सखूबाई म्हणाल्या. "पानी आधी आपल्या जिभंला, मग लेकराला. लेकरू न्हाई आमाला, म्हून इंजनाला."

मग आला बहात्तरचा दुष्काळ. त्याचं वर्णन मी करणार नाही. ज्यांनी पाहिला त्यांना सांगायची गरज नाही आणि ज्यांनी नाही पाहिला त्यांना सांगून कळणार नाही. आमच्या टेकडीपुरतं सांगते. आसपासच्या गावांतली माणसं खडी फोडायच्या सरकारी कामावर आली आणि खाणीच्या खालच्या माळावर पालं टाकून राहिली. जमीनवाले पाटील, बिनजमिनीचे मजूर, सगळे एकाच माळावर एकाच हातोडीने खडी फोडत होते. रेशनवरच्या परदेशी लाल ज्वारीच्या, मिलोच्या भाकरी खात होते, सरकारकडून मिळणाऱ्या सुकडीच्या भुकटीसाठी रांगेत उभे राहत होते. जनावरं छावणीत गेलेली, त्यामुळे बैलगाड्या नाहीत. ठेकेदाराच्या मोटारी दुसऱ्या कामावर गेलेल्या. पाण्याचा टँकर 'उद्या' येणार होता, आणि तो उद्या काही उजाडत नव्हता. वसाहतीची विहीर आटली, शाळेमागचा नळ बंद झाला. पाणी राहिलं ते फक्त खाली नदीत, धरणाच्या पायथ्याला खोदलेल्या विहिरीत. तिथपर्यंत जात होते फक्त रूळ, आणि रुळांवर होती फक्त तांबडी.

साहेबांनी दोन ट्रॉल्यांवर लोखंडी टाक्या बसवून दिल्या. साळवे रोज सकाळी त्या घेऊन उतार उतरत आणि भरून चढ चढून येत. माळावर ठक-ठक वाजलं की बायका घागरी घेऊन धावत. मीही धावत असे. शाळेच्या बाईंची घागर काही आपोआप भरत नाही.

माळावरसुद्धा पालं गावासारखीच पडली होती. वरच्या अंगाला पाटलांची, खालच्या अंगाला बौद्धांची आणि मातंगांची. पहिल्या दिवशी मुकादमाने सांगितलं, गाडी वर थांबवायची, उरलेलं खाली जाईल. साळव्यांनी ऐकून घेतलं. त्या दिवशी गाडी वर थांबली. दुसऱ्या दिवशी ती वरून सरळ पुढे गेली आणि खालच्या टोकाला थांबली. मुकादम तणतणत आला. साळवे कपाळाचा घाम पुसत म्हणाले, "काय करू मुकादम, इंजन जुनं हाय. बिरेक लागंल तितं थांबतंय." त्यानंतर तांबडीचा ब्रेक एक दिवस वर लागायचा आणि एक दिवस खाली. कधी चुकला नाही.

आमच्या सासूबाईंची अडचण निराळी होती. साळव्यांच्या टाकीतलं पाणी त्या तसं पीत नसत. चुलीवर उकळायचं, निववायचं, मग प्यायचं. अग्नीतून गेलं की दोष जातो, असा त्यांनी स्वतःपुरता निर्णय दिला होता. पण पुढे सरपण मिळेना, रॉकेल मिळेना. मग एका सकाळी त्या स्वतः तांब्या घेऊन गाडीपाशी आल्या आणि सगळ्यांदेखत म्हणाल्या, "धोंडीराम, मला त्या टाकीतलं नको. तुझ्या इंजिनाच्या पोटातलं दे. ते आगीतून आलेलं असतं."

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. साळव्यांनी आधी शांतपणे सांगितलं, "आजी, त्यात सोडा असतो, त्याल असतंय. पोट बिघडंल तुमचं." सासूबाई हटेनात. "बिघडू दे. पण शुद्ध तर असेल?"

साळवे इंजिनावरून खाली उतरले. आवाज चढवला नाही. म्हणाले, "आजी, आगीनं सुद्द हुतंय म्हनता ना? मग मी रोज दिसभर त्या आगीम्होरं हुबा असतो. मी आजून किती सुद्द हू?"

सासूबाई रिकामा तांब्या घेऊन घरी आल्या. दिवसभर बोलल्या नाहीत, आणि त्या बोलल्या नाहीत तर घरात काहीतरी मोठं घडलंय असं आम्ही समजत असू. संध्याकाळी मी आणलेल्या घागरीत त्यांनी तांब्या बुडवला आणि तसाच तोंडाला लावला. मी बघते आहे हे लक्षात आल्यावर म्हणाल्या, "बघतेस काय? रॉकेल नाही घरात." पुढे रॉकेल आलं. पण पाणी उकळायची गोष्ट काही त्यांनी पुन्हा काढली नाही.

वैशाखात नदीतली विहीरही खाली गेली. पंपाने दोन्ही टाक्या भरत आणि मग पंप नुसती हवा ओढू लागे. आता प्रश्न उभा राहिला तो तांबडीच्या तहानेचा. वाफेचं इंजिन पाण्यावरच चालतं. दोन टाक्या चढावर आणायच्या तर तिची स्वतःची टाकी भरायला हवी, आणि तिची टाकी भरली की माणसांची एक टाकी अर्धी राहते. साहेब वाईट माणूस नव्हता. तो म्हणाला, "आधी इंजिनाचं भरा. ते बंद पडलं तर कुणालाच घोट मिळणार नाही." हिशेब बरोबर होता. विहिरीशेजारी नदीच्या पात्रात गाळाचं एक डबकं उरलं होतं, पण ते पाणी बॉयलरमध्ये गेलं तर गाळ आतल्या नळ्यांवर बसतो, नळ्या जळतात, बॉयलर कायमचा जातो. साहेबांनी बजावलंही, "साळवे, तुम्ही रोजंदारीवर आहात. बॉयलरला काही झालं तर मी तुम्हाला वाचवू शकणार नाही."

काही दिवस साळव्यांनी तसं केलं. तांबडीला आधी, माणसांना नंतर. रांगेच्या शेवटच्या बायका रिकाम्या घागरी घेऊन परत जात. मग एका सकाळी मी रांगेत असताना पाहिलं, पाणी संपलं होतं, रांग मोडली होती, आणि दोन लहान मुलं इंजिनाच्या खाली वाकून बसली होती. तांबडीच्या पाठीवरच्या टाकीचा एक सांधा थोडा गळत असे. थेंब थेंब पाणी रुळांवर पडे. ती मुलं त्याखाली तळहात धरून बसली होती आणि तळहात ओले झाले की चाटत होती.

साळवे वर उभे राहून बघत होते. मग त्यांनी बबनला हाक मारली, तांबडीच्या टाकीचा तळातला कॉक उघडला आणि ओरडले, "आना गं घागरी! शेवटच्या होत्या त्या आधी या!" बबन म्हणाला, "दादा, परत खाली कशानं जायचं?"

"बॉयलरमधी हाय तेवढ्यावर उतार उतरू," साळवे म्हणाले. "मानसं आधी. तिचं मी बगतो." हे वाक्य दुपारपर्यंत सगळ्या वसाहतीत झालं.

त्या दिवशी दिवेलागणीला ते आमच्या दारात आले. आत बोलावलं तरी आले नाहीत, पायरीवर बसले. ह्यांना म्हणाले, "भाऊसाहेब, गाळायला जुनं कापड मिळंल का? जाड नको, लुगड्यावानी."

ह्यांना लगेच कळलं. "साळवे, डबक्यातलं पाणी घालणार तिला? बॉयलर जाईल."

"जाईल," साळवे म्हणाले. "चार पदरी गाळून घातलं तर येकदम न्हाई जायचं. टँकर येस्तवर वढील ती. जुनी हाय, पर चिवट हाय."

"आणि तुमची नोकरी?"

साळवे म्हणाले, "इतकी वरसं तिला चाखल्याबिगर पाजलं न्हाई, भाऊसाहेब. आता डोळं झाकून गाळ पाजायचा. त्याचंच लई वंगाळ वाटतंय." मी लुगडं शोधायला आत वळले, तर सासूबाई समोरून येत होत्या. हातात त्यांचं सोवळ्याचं लुगडं, घडी न मोडलेलं. त्यांनी ते साळव्यांच्या हातात दिलं.

"आजी, ह्ये सोवळ्याचं हाय न्हवं? ह्याला त्याल लागंल, गाळ लागंल."

"लागू दे," सासूबाई म्हणाल्या. "लुगडं म्हणजे काय जन्माचं असतं?"

दुसऱ्या दिवसापासून माणसांच्या दोन्ही टाक्या काठोकाठ भरून येऊ लागल्या. तांबडी मात्र ओळखू येईना. पूर्वी तिचा धूर सरळ वर जाई. आता धुराड्यातून वाफेबरोबर मातकट पाण्याचे शिंतोडे उडत आणि वसाहतीतल्या वाळत घातलेल्या कपड्यांवर ठिपके पडत. एरवी भांडायला टपलेल्या बायकांनी त्याबद्दल एक शब्द काढला नाही. साळव्यांचा सदरा आता सकाळीही शुभ्र नसे. सखूबाई म्हणत, धुवायला पाणी कुठाय? चढावर तांबडी धापा टाकी, मध्येच थांबे, आणि साळवे तिच्या अंगावर हात ठेवून उभे राहत. बबनने मला सांगितलं की दादा अजूनही डबक्यातलं पाणी आधी चाखतात. मी म्हटलं, "कशाला? कसंही लागलं तरी घालणार तेच पाणी ना?" बबन म्हणाला, "मीबी इचारलं. तर म्हनले, तिनं पेयाचं, आन् मी चाखायचंबी न्हाई?"

एकदा साहेब आले, इंजिनावर चढले आणि त्या काचेच्या नळीपुढे उभे राहिले. नळी पिवळट झाली होती. हळद लावली होती त्या दिवशीसारखीच.

"साळवे, काचेत पाणी दिसत नाही."

"दिसतंय सायब. मातीसकट दिसतंय."

साहेबांनी बाहेर पाहिलं. खाली माळावर बायका पाणी भरत होत्या. मग ते उतरून निघून गेले आणि त्यांनी काम थांबवलं नाही.

टँकर आला तो ज्येष्ठात. हार घातलेला, पुढे बसलेले दोन पुढारी, मागे धुरळा. त्याच दुपारी साळव्यांनी तांबडीची भट्टी विझवली. पुढे तपासनीस आले, बॉयलर उघडला, आतल्या नळ्यांवर दगडासारखा थर बसला होता आणि काही नळ्या जळून फाटायला आल्या होत्या. इंजिन मोडीत काढलं. वरच्या कचेरीतून विचारणा झाली, गढूळ पाणी कुणाच्या परवानगीने भरलं? साळव्यांनी सांगितलं, "कुनाच्याबी न्हाई. दोगांना तहान लागल्ती, मानसाला आन् तिला. मानसं आधी पेली." रोजंदारीच्या माणसाला काढायला कागद लागत नाही. उद्यापासून येऊ नको म्हटलं की झालं. साळवे आणि सखूबाई पत्र्याची पेटी घेऊन गोदाकाठी आपल्या गावी निघून गेले. बबनने जाताना त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं तेव्हा त्याच्या डोक्यावर टपली मारून म्हणाले, "काच पुसत जा रं." पण आता त्या काचेत दिसायला पाणीच नव्हतं.

त्यानंतर मी त्यांना एकदाच पाहिलं. पुढच्या हिवाळ्यात भंगारवाल्याची माणसं तांबडी तोडायला आली. ती शाळेमागेच, नळाशेजारी उभी होती. गॅसकटर लागला आणि वर्गात जळक्या लोखंडाचा वास आला तेव्हा मी मुलांना सोडून दिलं. मुलं घरी न जाता तिथेच उभी राहिली. साळव्यांना कुणी कळवलं कोण जाणे, दुपारी ते रुळांवरून चालत आले. पांढराशुभ्र सदरा. थोडे वाळले होते. कापणाऱ्यांना त्यांनी अडवलं नाही. फक्त हात वर करून थोडं थांबायला सांगितलं. पुढची चाकं तोवर निघाली होती आणि त्यांच्या मागच्या सांध्यांतून ती लाल माती आमच्या काळ्या खडीवर सांडली होती. साळव्यांनी ती बोटाने चाळली. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, तांब्याभर पानी मिळंल का?"

नळ शेजारीच होता आणि आता त्याला पाणीही होतं. पण त्यांनी नळाचं घेतलं नाही. मी घराकडे वळले, तर सासूबाई दारातून निघालेल्याच होत्या. खडीवरून अनवाणी, तोल सांभाळत, हातात त्यांचा रोजचा पितळी तांब्या. त्यांनी तो साळव्यांच्या हातात दिला.

साळव्यांनी तांब्या घेतला आणि सवयीने दुसऱ्या हाताची ओंजळ केली. मग थांबले. तांबडीच्या टाकीकडे पाहत म्हणाले, "आजी, ह्यातलं निम्मं तिला घालू का? जाताना चांगलं पानी पडंल तोंडात."

"निम्मं कशाला?" सासूबाई म्हणाल्या. "माणसं आधी, तूच म्हणाला होतास ना? तू पी. तिचं मी बघते."

साळव्यांनी ओंजळ सोडून दिली. तांब्या वर उचलला आणि चाखून न बघता, घटाघटा सगळं पाणी प्यायले. तसं पाणी पिताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. सासूबाईंनी तांब्या परत घेतला, नळाखाली धरून भरला, आणि टाकीचं तोंड उंच असल्यामुळे मुलांबरोबर उभ्या असलेल्या बबनच्या खांद्यावर हात टेकून त्या तांबडीच्या पायरीवर चढल्या. टाकीत पाणी ओतण्याआधी त्यांनी त्यातलं थोडं आपल्या ओंजळीत घेतलं आणि चाखून बघितलं.